दुसरी हाक

ज्यांच्या घरचं माणूस आत्ता आयसीयूच्या दाराआड पडलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आजाराची शास्त्रीय माहिती यात मिळणार नाही. ती डॉक्टरांना विचारा, ते माझ्यापेक्षा बरी सांगतील. आतल्या बाजूनं काय दिसतं आणि काय ऐकू येतं, तेवढंच मी सांगणार आहे. त्यातलं काही वाचून तुम्ही म्हणाल, हा माणूस अजून पुरता बरा झालेला दिसत नाही. खुशाल म्हणा. माझी बायकोही अधूनमधून म्हणते.

माझं नाव भानुदास. वडगाव निंबाळकरला दूध संकलन केंद्रावर कामाला आहे. दूध मापायचं, फॅट बघायची आणि मधल्या वेळात कुस्तीवर बोलायचं. मला स्वतःला कुस्ती येत नाही. लहानपणी एकदा मातीत उतरलो होतो, तेव्हा समोरच्यानं हात मिळवायच्या आधीच मी पडलो असं आमच्या गावात अजून सांगतात. माझं स्वप्न वेगळं होतं. जत्रेच्या मैदानात जो माणूस माइक धरून पैलवान पुकारतो, डाव सांगतो, हजारो माणसं एका आवाजावर धरून ठेवतो, त्या निवेदकाच्या जागी मला उभं राहायचं होतं.

माझी सासुरवाडी इंदापूर तालुक्यात. तिथल्या जत्रेच्या कमिटीत बापूराव म्हणून आहेत, शोभाचे लांबचे चुलते. ते दरवर्षी म्हणायचे, "जावईबापू, यंदा घ्या की माइक." आणि मी दरवर्षी म्हणायचो, "पुढच्या जत्रेला नक्की." असं वीस वर्षं चाललं. केंद्रावर कुणी किटली ठेवली की मी पुकारायचो, "आणि आता मैदानात येत आहे, दहा लिटर म्हैस!" लोक हसायचे. माझं स्वप्न तेवढ्यावरच भागत होतं.

गुडघा

श्रावणात एका सकाळी बोटांना मुंग्या आल्या. नमुन्याची बाटली हातातून सुटली. दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवरून उतरलो तो सरळ खाली बसलो. शोभानं शेजाऱ्याची गाडी काढायला लावली आणि मला बारामतीला आणलं.

डॉक्टर तरुण होते, गप्पिष्ट होते. हातोडीनं गुडघ्यावर टिचकी मारता मारता दुधाला दर काय मिळतो विचारत होते. पाय उडाला नाही. त्यांनी परत मारली, मग दुसऱ्या गुडघ्यावर मारली, आणि दुधाचं बोलणं बंद झालं. 

शेवटी ते म्हणाले, "जीबीएस वाटतोय. तुमच्याच शरीरातले राखणदार तुमच्याच नसांवर उलटलेत. बधिरपणा खालून वर चढत जाईल. मग थांबेल, मग हळूहळू उतरेल."

"कुठवर चढंल?" मी विचारलं.

"ते आता बघायचं."

"पण बरं व्हतंय न्हवं?" शोभानं विचारलं.

"बहुतेकांचं होतं."

शोभानं 'होतं' ऐकलं. मी 'बहुतेकांचं' ऐकलं. आमच्या संसारात हे नेहमीचंच आहे.

पाट सोडल्यावर वाफ्यात पाणी चढावं तसं ते चढलं. शोभा पायाला चिमटे घेत विचारायची, "हितं? हितं?" दुपारी मांडी गेली. दुसऱ्या दिवशी कंबर गेली, मग हात गेले. तिसऱ्या दिवशी श्वास आखूड झाला आणि नळी घालायची ठरली. घालण्याआधी काही बोलायचं असेल तर बोला म्हणाले. वीस वर्षांच्या संसाराचं काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "फॅटचं मशीन धुवून ठिवायला सांग." त्यानंतर बरेच दिवस मी काहीच बोललो नाही.

एकदाच

मला सगळं ऐकू येत होतं. हे नीट वाचा, कारण बाहेर बसलेल्यांना हेच कळत नाही. शरीर दगड झालं होतं, पापण्यासुद्धा अर्ध्याच उघडायच्या, पण कान शाबूत होते. डोळ्यांची बुबुळं तेवढी जराशी वर-खाली व्हायची.

आत खिडकी नव्हती. वेळ वासावरून ओळखायची. फिनेल म्हणजे सकाळ. सिस्टरच्या डब्यातली मेथीची भाजी म्हणजे दुपार. त्या मेथीच्या वासानंतर, सगळं जरा निवांत झालं की, माझ्या पायाकडच्या भिंतीकडून आवाज यायचा.

"भानुदास."

बाईचा नाही, बाप्याचाही नाही. सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटताना तिला अक्षरं फुटावीत तसा, 'दा'वर जरा रेंगाळणारा. पायाकडं कॉट नव्हती, दार नव्हतं, नुसती भिंत होती. आवाज एकदाच यायचा. मग दुसऱ्या दिवशी मेथीच्या वासापर्यंत काही नाही.

इथं तात्यांबद्दल सांगायला हवं. तात्या म्हणजे माझे चुलते. आमच्या घरात एकेकाळी मेंढरं होती. आता सगळे शेतीला लागलो, पण तात्यांनी निम्मं आयुष्य मेंढरांमागं कोकणात उतरण्यात आणि परत चढण्यात घालवलं. मी लहान असताना त्यांच्याबरोबर एक हंगाम हिंडलो. तेव्हा त्यांनी एकच गोष्ट दटावून शिकवली. "रानात पयल्या हाकंला ओ द्यायची न्हाय. माणूस असंल तर दुसऱ्यांदा मारतंय. ते दुसरं एकदाच मारतंय."

'ते दुसरं' म्हणजे काय, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण आमच्या घरात ही सवय इतकी मुरली की भर गावात, भर दिवसासुद्धा आम्ही कुणी पहिल्या हाकेला ओ देत नाही. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात शोभा आईजवळ रडली होती, की नवरा एक तर बहिरा हाय न्हायतर मगरूर हाय.

तर त्या अवस्थेत मला करता येण्यासारखी एकच गोष्ट होती. ओ न देणं. ती मी मन लावून केली.

पण दवाखान्यात सगळेच एकदा हाक मारतात. राउंडला डॉक्टर यायचे, "भानुदास, डोळे वर करा," म्हणायचे, क्षणभर थांबायचे आणि पुढच्या कॉटकडं जायचे. मी दुसऱ्या हाकेची वाट बघत पडलेलो असायचो. तुम्ही म्हणाल, डॉक्टरांचा आवाज ओळखू येत नव्हता का? येत होता. पण एका दुपारी भिंतीकडचा आवाजही "डोळे वर करा" असं म्हणाला. तेव्हा राउंड नव्हता, डॉक्टर नव्हते, मेथीचा वास मात्र होता. त्यानंतर माझा कुणावरच भरवसा राहिला नाही.

नळी घातल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी माझ्या उशाशी डॉक्टरांचं आपसात बोलणं झालं. "रिस्पॉन्स काहीच नाही. हे नुसतं नसांचं राहिलेलं दिसत नाही. नातेवाइकांशी बोलून घ्या, पुढं किती करायचं ते." मी तिथंच होतो. त्यांच्या कोपरापासून हातभर अंतरावर होतो. इतकी भीती मला भिंतीचीही वाटली नव्हती.

बाहेर

हे शोभानं नंतर सांगितलेलं. बाहेर दोन पक्ष पडले होते. तिचा भाऊ म्हणत होता, हाल करू नका, घरी न्या. माझी बहीण म्हणत होती, पुण्याला न्या. दोघांचंही प्रेम होतं, आणि दोघं दोन दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. शोभा मधल्या बाकड्यावर बसून राहायची. सकाळी भेटायच्या वेळी आत येऊन ती "अहो" म्हणायची आणि रडत बाहेर जायची.

तात्या सांगवीला लेकीकडं होते. कळल्यावर एसटीनं आले. सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि शोभाला विचारलं, "हाक मारली का त्याला?"

"डॉक्टर रोज मारत्यात, तात्या."

"किती येळा?"

शोभाच्या लगेच ध्यानात आलं. ती उठून थेट सिस्टरकडं गेली. "सिस्टर, त्यांना एकदा हाक मारून भागायचं न्हाय. आमच्या घरात पयल्या हाकंला कुणी ओ देत न्हाय. दोनदा मारावी लागती."

कुणीही हसलं असतं. सिस्टर हसल्या नाहीत. त्या साताऱ्याकडच्या होत्या, तिकडंही अशी रीत असावी. म्हणाल्या, "मग तुम्हीच मारा. नावानं मारा, 'अहो' नको. इथं 'अहो' सगळ्याच बायका म्हणतात."

आता शोभानं माझं नाव आयुष्यात लग्नाच्या उखाण्यातच काय ते घेतलेलं. माझ्या कानाशी ती आली तेव्हा तिच्या बांगड्या आधी ऐकू आल्या.

"भानुदास."

मी हललो नाही. ती थांबली. ते थांबणं किती लांबलचक होतं ते तिलाच माहीत. बाकीचे सगळे एका हाकेनंतर इथंच पुढं निघून गेले होते.

"भानुदास."

मी डोळे वर केले.

सिस्टर "डॉक्टर!" म्हणून ओरडल्या. शोभानं माझा हात धरला असावा. मला तो जाणवत नव्हता, पण बांगड्या वाजत होत्या. संध्याकाळी सिस्टरनी माझ्या कॉटवर कागद चिकटवला: 'पेशंटला दोनदा हाक मारावी.' मी घरी जाईपर्यंत तो तिथं होता. त्या सिस्टरना मी जन्मभर विसरणार नाही.

तुमच्या माणसाला असं काही शिकवलेलं नसेल. तरी हाक मारली की थांबा, आणि परत मारा.

चार ओळी

महिन्याभरानं व्यायामाच्या मॅडम आल्या. बोटं हलायला लागली होती, श्वास अजून मशीनवरच होता, फक्त नळी आता तोंडातून काढून मानेत बसवली होती. त्यांनी अक्षरांचा तक्ता समोर धरला आणि विचारलं, "बरं झाल्यावर काय करायचंय?" मी डोळ्यांनी एकेक अक्षर दाखवत 'माइक' केलं. त्यांनी 'मायका' वाचलं आणि शोभाकडं बघून म्हणाल्या, "यांना तुमच्या माहेरी जायचंय." शोभा पहिल्यांदाच हसली. "माहेरीच जायचंय, पण माइक धरायला," म्हणाली आणि वीस वर्षांची गोष्ट सांगितली.

मॅडम माझ्याकडं वळल्या. "हे स्वप्न झालं. स्वप्नाला मला व्यायाम देता येत नाही. जत्रा कधी असते?"

चैत्रात. म्हणजे सात महिने. वीस वर्षांत हा हिशेब मी एकदाही केला नव्हता.

त्यांनी कागदावर चार ओळी लिहिल्या. उभं राहणं. माइक धरेल एवढी मूठ. एका श्वासात दहा शब्द. आवाज. "रोज हेच. कंटाळा आला तरी हेच," म्हणाल्या. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपल्याला खरोखर काहीतरी करायचंय.

फार गोड चित्र काढत नाही. मी चिडायचो. एकदा चमचा तोंडापर्यंत पोचेना म्हणून ताटली ढकलून दिली. शोभानं ती उचलली आणि म्हणाली, "मीबी माणूसच हाय." आणि बाहेर निघून गेली. त्या दिवशी मी सांडलेला भात एकेक शीत बोटांनी वेचला. मुठीचा व्यायाम झाला आणि लाजही वाटली.

नाव

श्वास सुधारला तेव्हा मानेतल्या नळीला बूच लावून बोलून बघायचं ठरलं. सकाळची वेळ होती. मॅडम, शोभा आणि सिस्टर, सगळ्या कॉटभोवती उभ्या.

"नाव सांगा तुमचं," मॅडम म्हणाल्या.

मी श्वास घेतला आणि सांगितलं.

तोच आवाज होता. ट्यूबमधून सुटणारी हवा, बाईची नाही, बाप्याची नाही. 'दा'वर तसाच जरा रेंगाळलेला. मी आपोआप पायाकडच्या भिंतीकडं बघितलं. शोभा आनंदानं रडत होती. मीही रडत होतो, पण वेगळ्या कारणानं.

पुढं चार दिवस मी तोंड उघडलं नाही. सगळ्यांना वाटलं, आवाज बिघडला म्हणून खचलो. डॉक्टरांना लिहून दाखवलं तेव्हा त्यांनी समजावलं, आयसीयूत असे भास पुष्कळांना होतात, ऑक्सिजनचा आवाज असतो, औषधं असतात. मला पटलं. मी लिहिलं, 'पण असा आवाज होणार हे दोन महिने आधी कुणाला माहीत होतं?' डॉक्टरांनी ते वाचलं, कागद घडी करून परत दिला आणि म्हणाले, "ते सोडा आता." मी बरंचसं सोडलंय.

तात्यांना मात्र सगळं सांगितलं. त्यांनी पागोट्याची कड चाचपली. मग म्हणाले, "मंग तू त्याला ओ दिली न्हाईस, ते बरं केलंस का वाईट, सांगता येत न्हाय."

 कड सोडून तेच पुढं म्हणाले, "आता ह्योच आवाज हाय तुझ्याकडं, दुसरा न्हाय. त्याला दुसऱ्यांदा हाक मारायला शिकीव."

उसात

दिवाळीनंतर घरी आलो. आमच्या घरामागं ऊस आहे, पलीकडं कालवा. भर दुपारी बांधावर कुणी नसतं, म्हणून काठी टेकत मी तिथं जायचो आणि पैलवान पुकारायचो. लाज वाटायची, म्हणून ती वेळ. पहिली हाक निघायची. दुसरीला वाराच उरायचा नाही, नुसती फुसफुस. रोज दहा नावं, प्रत्येक दोनदा. पौष गेला, माघ गेला.

हळूहळू लोक त्या बांधानं येईनात. खुरपणीच्या बायका म्हणायला लागल्या, दुपारचं उसातनं कोणतरी पैलवान पुकारतंय, मेलेल्या पैलवानांची नावं घेतंय. एक दिवस बांधावर लिंबू, कुंकू आणि नारळ ठेवलेला दिसला. शोभा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "घ्या, तुमालाच ठिवलाय." आम्ही खोकला येईपर्यंत हसलो. नारळ चांगला होता, पण तिनं तो उंबऱ्याच्या आत घेऊ दिला नाही.

एक गोष्ट शोभालाही सांगितली नव्हती, ती इथं लिहितो. फाल्गुनात एका दुपारी पहिलीच हाक जोरदार निघाली. दुसरीसाठी श्वास भरत होतो, तेवढ्यात उसाच्या आतून "ओ" आली. पाचट वाजलं नाही, पान हललं नाही. पहिल्याच हाकेला ओ.

मी वळलो आणि घरी आलो. पळालो नाही, कारण पळता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी परत गेलो, कारण जत्रेला महिनाच राहिला होता. उसाकडं पाठ करून उभा राहिलो आणि पुकारलं. पुन्हा कधी ओ आली नाही.

मैदान

बापूरावांनी मला लहान गटाच्या कुस्त्या दिल्या. "चार वाजता मोठा निवेदक येतोय, तवर तुमी घ्या," म्हणाले. त्यांनी माझा नवा आवाज फोनवर ऐकला होता, पण फोनवर कुणाचाही आवाज कसाही येतो असं त्यांना वाटलं असावं.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्टेज केलं होतं. चार खांबांना चार भोंगे. हलगी वाजत होती. शोभा शाळेच्या भिंतीवर बायकांत बसलेली, तात्या पुढं मातीजवळ. पाय लटपटत होते, पण उभे होते. माइक मुठीत राहिला.

पहिली जोड मुलींची होती. "वैष्णवी, सांगवी!" मी पुकारलं.

चारही भोंग्यांतून तो आवाज मैदानावर आला. हलगीवाल्याचा हात थांबला. माणसं स्टेजकडं न बघता भोंग्यांकडं बघायला लागली. एका बाईनं लेकराला कडेवर उचलून घेतलं. कुणीतरी म्हणालं, "बंद करा की ते." इतकं मोठं मैदान एवढं गप्प झालेलं मी कधी बघितलं नव्हतं. मातीत कुणी उतरलं नाही.

बापूरावांनी माझ्याकडं हात केला. हळू आवाजात, दयेनं म्हणाले, "द्या जावईबापू, मी पुकारतो."

त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. पण माइक त्यांच्या हातात गेला असता तर तो परत माझ्याकडं आला नसता, हे मला पक्कं माहीत होतं. मी मूठ घट्ट केली, मान हलवून नाही म्हटलं, आणि थांबलो. पोटापासून श्वास भरला.

"वैष्णवी, सांगवी!"

गर्दीतून केस बांधत एक पोरगी वाट काढत आली, माती कपाळाला लावली आणि उभी राहिली. मग दुसरी आली. हलगी सुरू झाली. दोघी भिडल्या आणि मी बोलायला लागलो. पट काढला, पट सुटला, ढाक लावली. तिसऱ्या कुस्तीपर्यंत लोक भोंगे विसरून मातीकडं बघायला लागले. सातव्या कुस्तीला टाळ्या कुणाला पडतायत हे बघायलाही मला वेळ नव्हता.

दोन जोडींच्या मध्ये जरा उसंत मिळाली. स्टेजच्या अगदी खाली बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मान वर केली आणि मोठ्यानं विचारलं, "कमिटी! ह्यो आवाज कुणाचा हाय?"

बापूराव काहीतरी सांगणार होते. माइक माझ्या हातात चालूच होता.

"माझा हाय," मी म्हणालो.